बत्तीस दिवस उशिरा निघालेलं तातडीचं आवाहन

१५ फेब्रुवारी १९७३ रोजी ब्राझीलमध्ये लुईझ बासिलिओ रॉसी नावाच्या प्राध्यापकांना राजकीय कारणावरून घरातून उचललं. १९ मार्चला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या लंडनच्या कार्यालयातून त्यांच्यासाठी एक छोटं आवाहन निघालं: या माणसाच्या जिवाला धोका आहे, ताबडतोब पत्रं आणि तारा पाठवा. वेगवेगळ्या देशांतल्या स्थानिक गटांनी ती पाठवली. त्याच वर्षी पुढे रॉसी सुटले.

मानवी हक्कांचं काम करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये हे प्रकरण 'पहिली अर्जंट अ‍ॅक्शन' म्हणून सांगितलं जातं, बहुधा नव्या लोकांना हुरूप यावा म्हणून. यश आहेच, नाकारण्याचं कारण नाही. पण अटक आणि आवाहन यांच्यामध्ये ३२ दिवस गेले होते. नावात 'तातडी' असलेल्या पद्धतीचा पहिलाच प्रयोग महिनाभर उशिरा झाला. हा उशीर कुठे झाला आणि का झाला, हे नीट पाहिलं तर असल्या मोहिमा कशाच्या जोरावर चालतात आणि कुठे अडतात ते कळतं. सुटकेच्या बातमीतून ते कळत नाही.

ज्या देशात अटक झाली तो देश

ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्करानं सत्ता घेतली होती. सुरुवातीला काही गोष्टी शिल्लक होत्या. १३ डिसेंबर १९६८ च्या 'संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५'नं त्याही गेल्या. संसद बंद करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे आला आणि राजकीय गुन्ह्यांपुरतं हेबियस कॉर्पस बंद झालं. म्हणजे आपला माणूस कुठे आहे ते दाखवा, असं न्यायालयामार्फत विचारायची वाट बुजवली गेली. पुढच्या वर्षी राष्ट्रीय सुरक्षेचा नवा कायदा आला. त्याप्रमाणे तपास अधिकाऱ्याला संशयिताला ३० दिवस ताब्यात ठेवता येत होतं आणि त्यांतले १० दिवस बाहेरच्या कुणाशीही संपर्क न होऊ देता. वकील नाही, घरचं माणूस नाही.

हे १० दिवस लक्षात ठेवायचे. छळ होतो तो मुख्यतः या काळात. चौकशी करणाऱ्याला नावं आणि पत्ते हवे असतात, आणि ते शिळे व्हायच्या आत हवे असतात. साथीदार अटकेची खबर लागताच जागा बदलतात, म्हणून पहिले काही तास आणि पहिले काही दिवस सर्वांत वाईट. खटला, शिक्षा, तुरुंग हे नंतर येतं. कित्येकांच्या बाबतीत तुरुंगात पोचणं हीच सुटकेची पहिली पायरी असायची, कारण तिथे निदान नाव नोंदलं जायचं.

साओ पावलो शहरात हे काम मुख्यतः दोन ठिकाणी चाले. एक लष्कराचं 'दोई-कोदी' हे केंद्र, दुसरं राज्याच्या राजकीय पोलिसांचं 'देओप्स'. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. तिथल्या एका मोठ्या दैनिकानं १९७३ मध्ये कापलेल्या बातम्यांच्या जागी कामोंईश या सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज कवीच्या ओळी छापायला सुरुवात केली. पानात महाकाव्य दिसलं की इथे काहीतरी कापलंय, हे वाचकानं ओळखायचं. त्याच सुमारास देशाची अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वेगानं वाढत होती, परदेशी कर्ज आणि गुंतवणूक येत होती, आणि 'ब्राझीलचा चमत्कार' हा शब्द जगभरच्या अर्थपानांवर होता. या सरकारला आपल्या लोकांची भीती नव्हती. बाहेर चांगलं दिसायची हौस मात्र होती, आणि गरजही.

गटांची जुनी सवय

अ‍ॅम्नेस्टीची सुरुवात १९६१ ची. पीटर बेनन्सन या लंडनच्या वकिलाचा लेख २८ मे रोजी 'ऑब्झर्व्हर'मध्ये आला आणि त्यातून ठिकठिकाणी गट उभे राहिले. शिक्षक, ग्रंथपाल, निवृत्त माणसं, चर्चमधली मंडळी, विद्यार्थी. पगारी कुणी नाही. प्रत्येक गटानं तीन कैदी 'दत्तक' घ्यायचे: एक पाश्चात्त्य गोटातल्या देशातला, एक कम्युनिस्ट देशातला आणि एक तिसऱ्या जगातला. आपल्याच देशातलं प्रकरण घ्यायचं नाही. कुणा एका बाजूचे हस्तक असल्याचा आरोप होऊ नये आणि कार्यकर्त्यांवर स्वतःच्या सरकारची वक्रदृष्टी पडू नये, असा त्यात दुहेरी हेतू होता.

कैदी कोण घ्यायचा याचंही मोजमाप होतं. मतं, श्रद्धा, वंश, भाषा अशा कारणावरून डांबलेला, आणि हिंसा न केलेला वा तिचा पुरस्कार न केलेला माणूस म्हणजे 'प्रिझनर ऑफ कॉन्शन्स', मराठीत विवेकबंदी. अशा माणसाची सुटका ताबडतोब आणि बिनशर्त मागायची. ही व्याख्या संघटनेनं किती कडकपणे पाळली ते १९६४ मध्ये दिसलं. नेल्सन मंडेला यांनी सशस्त्र लढ्याचा मार्ग पत्करला होता म्हणून त्यांना विवेकबंदी म्हणायचं नाही, असं सभासदांनी ठरवलं. वाद तेव्हाही झाला, आजही होतो. (माझं मत विचाराल तर निर्णय व्याख्येला धरून होता आणि तरीही ऐकताना खटकतो. दोन्ही एकदम खरं असू शकतं.)

दत्तक पद्धत चिकाटीची होती, पण मंद. गटाकडे कैद्याची फाइल यायची. महिन्यातून एकदा बैठक, मग पत्रं: न्यायमंत्र्यांना, तुरुंगाधिकाऱ्यांना, राजदूताला. कुटुंबाला मदत, शक्य असेल तर कैद्याला कार्ड. उत्तर यायचं नाही. पुन्हा पत्र. अशी दोन-दोन, पाच-पाच वर्षं. ज्याला शिक्षा झालीये, ज्याचा तुरुंग ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही रीत ठीक होती. पण ज्याला काल रात्री नेलं आणि कुठे नेलं हेच माहीत नाही, त्याचं काय? पुढच्या बैठकीत विषय घेऊ म्हणेपर्यंत तो माणूस असेल का?

ही अडचण ब्राझीलनंच समोर आणली होती. सप्टेंबर १९७२ मध्ये अ‍ॅम्नेस्टीनं तिथल्या छळाच्या आरोपांवर अहवाल काढला. त्यासोबत छळ झाल्याचं सांगितल्या गेलेल्या १,०८१ व्यक्तींची नावं होती. एका-एका गटाला तीन-तीन कैदी वाटत बसायचं हे काम नव्हे, हे ती यादी पाहताच कळत होतं. त्याच वर्षी डिसेंबरात छळाविरुद्धची जागतिक मोहीम सुरू झाली. तिच्यामुळे कामाच्या विचारात एक मोठा फरक पडला, आणि पुष्कळ कार्यकर्त्यांच्या तो अजूनही पुरता अंगवळणी पडलेला नाही. सुटकेची मागणी करण्याआधी हा माणूस विवेकबंदीच्या व्याख्येत बसतो का, हे तपासावं लागतं. छळ थांबवा म्हणताना ते लागत नाही. बंदूक हाती धरलेल्या माणसालाही छळता कामा नये. त्यामुळे 'तो नक्की कोण होता, कुठल्या पक्षाचा होता' या चौकशीत पहिले दिवस घालवायची गरज उरली नाही.

घरापासून लंडनपर्यंत

रॉसी यांना नेलं तेव्हा घरच्यांवर पहारा होता आणि कुणाशी बोलायची मनाई. पत्नी मारिया जोझे यांनी तरीही एक चिठ्ठी शेजाऱ्यांपर्यंत पोचवली. स्वतःच्या आणि मुलांच्या जिवाशी खेळ होता तो. शेजाऱ्यांनी ती पुढे दिली, आणि कुठल्या ना कुठल्या वाटेनं मजकूर लंडनला पोचला.

३२ दिवसांचं कोडं इथे आहे. एकदा माहिती टेबलावर आली की पानभर मजकूर टाइप करायला आणि पाकिटात घालायला महिना लागत नाही. महिना लागतो तो घरातून बातमी बाहेर पडायला, ती विश्वासाच्या हाती लागायला, सरहद्द ओलांडायला, आणि खरी आहे याची खातरजमा व्हायला. सेन्सॉर असलेल्या देशात यातली प्रत्येक पायरी म्हणजे एकेक माणूस, आणि प्रत्येकाला गमावण्यासारखं काहीतरी असतं. मोहिमांचा इतिहास सांगताना हजारो पत्रलेखक दिसतात, ही आधीची चार-पाच माणसं दिसत नाहीत. त्यांची नावं बहुधा कधी बाहेर येतही नाहीत, आणि तेच बरं.

खातरजमेवर घालवलेला वेळ वाया गेला, असं मात्र मी म्हणणार नाही. चुकीच्या नावानं, चुकीच्या तुरुंगाच्या पत्त्यावर शंभर पत्रं गेली तर अधिकाऱ्याला एक फुकटचं उत्तर मिळतं: 'असा कुणी इसम आमच्याकडे नाही.' पुढच्या वेळी खरी तक्रारही त्याच वाक्यावर मरते. शिवाय घरच्यांना नाव जाहीर झालेलं हवं आहे का, हेही विचारावं लागतं. बाहेर गवगवा झाल्यावर आतल्या माणसाला अधिक मार पडेल ही भीती काल्पनिक नाही. रॉसींच्या बाबतीत चिठ्ठी पत्नीनंच पाठवली होती, म्हणजे हा प्रश्न तिनंच सोडवला होता. प्रत्येक वेळी इतकं स्वच्छ नसतं.

पत्रात काय असावं

अशा आवाहनाच्या पानावर काय असतं हे एकदा बारकाईनं पाहायला हवं, कारण स्वयंसेवक सगळ्यात जास्त घोळ इथे घालतात. वर व्यक्तीचं नाव. अटकेची तारीख, ठिकाण, कुणी नेलं, आणि यांतलं जे खात्रीनं माहीत आहे तेवढंच. मग मागण्या. मग पदनाम आणि पत्ते, संबोधन कसं करायचं त्यासह. प्रत कुणाला, तर बहुधा आपल्या देशातल्या त्यांच्या वकिलातीला. आणि शेवटी एक तारीख: या दिवसानंतर लिहिणार असाल तर आधी विचारा. त्या तारखेचं कारण उघड आहे. माणूस सुटल्यावर किंवा मेल्यावर 'त्याला सोडा' म्हणणारी पत्रं जात राहिली तर लिहिणाऱ्यांना काही माहीत नाही, हे सिद्ध होतं.

पत्र साधारण असं जमतं:

'महोदय, श्री. अमुक यांना तमुक तारखेला त्यांच्या राहत्या घरून ताब्यात घेण्यात आलं, असं मला समजलं. त्यानंतर त्यांच्या कुटुंबीयांना त्यांची काहीही माहिती मिळालेली नाही. ते कुठे आहेत हे कृपया त्यांच्या कुटुंबीयांना कळवावं, त्यांना वकिलाची आणि डॉक्टरांची भेट मिळावी, आणि त्यांना कोणत्याही प्रकारे इजा होणार नाही याची आपण खात्री द्यावी, अशी विनंती आहे. मी शाळेत शिकवते. आपल्या उत्तराची वाट पाहीन.'

बस्स. नवख्या माणसाला हे फार मिळमिळीत वाटतं. त्याच्या पत्रात हुकूमशाही असते, रक्तपिपासू हा शब्द असतो, इतिहास तुम्हाला क्षमा करणार नाही असं बजावलेलं असतं, आणि हे सगळं चार पानी. लिहिणाऱ्याचा राग खरा असतो, पण पत्र त्याच्या रागासाठी लिहायचं नसतं. शिवी दिली की अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. 'देशाच्या शत्रूंचं पत्र' म्हणून ते बाजूला ठेवता येतं. नम्र पत्राचं काय करायचं हे त्याला ठरवावं लागतं. आणि 'मी शाळेत शिकवते' हे छोटं वाक्य काढू नये. पत्र कुणा संघटनेच्या छापखान्यातून आलेलं नाही, दूर देशीच्या एका साध्या बाईला हे नाव कळलं आहे, एवढं त्यातून पोचतं. अधिकाऱ्याला बेचैन करणारी गोष्ट तीच.

गठ्ठा

मारिया जोझे यांना पुढे देओप्समध्ये बोलावून घेण्यात आलं. तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं परदेशांतून आलेल्या पत्रांचा विषय काढला. जगभरातून एवढी पत्रं येतायत त्या अर्थी तुमचे यजमान आम्हाला वाटलं त्यापेक्षा मोठी असामी दिसतात, अशा अर्थाचं तो बोलला.

रॉसी मोठी असामी नव्हते. पत्रांनी त्यांना मोठं केलं होतं. या कामाचं इतकं चांगलं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि ते पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून आलं आहे.

कुठल्याही सरकारी कचेरीत बसलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पत्र येतं तेव्हा कुणीतरी ते फोडतं. आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. कुणाच्या तरी नावानं ते मार्क होतं. दहा देशांचे स्टँप असलेली पत्रं एकाच नावानं आली की खालचा कारकून वरच्याला विचारतो: याचं काय करायचं? वरचा त्याच्या वरच्याला. परराष्ट्र खात्याकडून एक विचारणा येते, कारण वकिलातीलाही प्रती गेलेल्या असतात. आता या कैद्याची फाइल झाली. उद्या याचं काही बरंवाईट झालं तर 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय गेली. छळ करणाऱ्याचं मन पत्र वाचून पाझरत नाही, आणि पत्रलेखकानं तशी आशा धरू नये. पाझरायची गरजही नाही. त्याच्या साहेबाला कटकट नको असते, एवढं पुरतं.

म्हणूनच लाख सह्यांचं एकच निवेदन आणि शंभर सुटी पत्रं यांत मी शंभर पत्रं घेईन. निवेदन कितीही जाडजूड असलं तरी आवक वहीत त्याचा एकच क्रमांक पडतो. आज एका बोटानं सही होते, त्यानं संख्या दिसते आणि बातमी होते. तो उपयोग आहे, नाही असं नाही. पण कचेरीतल्या माणसाच्या मागे भुणभुण लावायला सुटी पत्रंच लागतात.

रॉसी यांनी स्वतः नंतर सांगितलं त्याचा आशय असा: आपलं प्रकरण बाहेर गेलं आहे हे कळलं तेव्हाच आता हे लोक आपल्याला मारू शकत नाहीत हे उमगलं. मग दबाव कमी झाला, परिस्थिती सुधारली. क्रम पाहण्यासारखा आहे. सुटका नंतर. आधी मारायचं थांबलं. मोहिमेचं पहिलं काम तेवढंच असतं, आणि ते बाहेरच्या कुणालाही दिसत नाही. पत्र टाकून घरी गेलेल्या बाईला पुढे महिनाभर काहीच कळत नाही.

पण पत्रांमुळेच सुटले का?

हे सिद्ध करता येत नाही. त्या काळी ब्राझीलमध्ये अनेक राजकीय कैदी काही महिन्यांनी सुटत, पत्रं आली तरी आणि न आली तरी. चौकशीतून मिळायचं ते मिळालं, आरोप टिकेना, जागा हवी होती, अशी कारणं असायची. रॉसींची सुटका यातल्या कशानं झाली याचा निवाडा कुणाकडे नाही. 'आमच्या पत्रांनी सोडवला' अशी फुशारकी गटांनी मारू नये, असा शिस्तीचा नियम बऱ्याच जणांनी पाळला, तो शहाणपणाचा आहे. श्रेय घेतलं की त्या सरकारला माघार घेतल्यासारखं होतं, आणि पुढच्या कैद्याच्या वेळी ते हट्टाला पेटतं.

आत वागणूक बदलली याला मात्र खुद्द कैद्याची आणि त्याच्या पत्नीची साक्ष आहे. तेवढ्यावर मी थांबेन.

जिथे कागद पोचूच शकत नव्हता

रॉसींसाठी आवाहन निघालं त्याच्या दोनच दिवस आधी, १७ मार्च १९७३ रोजी, साओ पावलोच्या दोई-कोदीत अलेशांद्रे व्हानुकी लेमे हा भूगर्भशास्त्राचा २२ वर्षांचा विद्यार्थी मेला. त्याला पकडलं होतं आदल्या दिवशी. पळून जाताना ट्रकखाली सापडला असं अधिकृतपणे सांगितलं गेलं, आणि घरच्यांना न कळवता पेरूस इथल्या दफनभूमीत बेवारस म्हणून पुरलं. अटक आणि मृत्यू यांत जेमतेम एक दिवस. जगातला कुठलाही गट कितीही तत्पर असता तरी काय केलं असतं?

जे झालं ते शहरातच झालं. ३० मार्चला साओ पावलोच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप पावलो एव्हारिस्तो आर्न्स यांनी त्याच्यासाठी प्रार्थनासभा घेतली. बाहेर पोलिसांचा बंदोबस्त असताना हजारो लोक, बहुतेक विद्यार्थी, आत येऊन बसले. दोन वर्षांनी पुन्हा तेच कॅथेड्रल. पत्रकार व्लादिमीर हर्झोग बोलावण्यावरून २५ ऑक्टोबर १९७५ च्या सकाळी स्वतःच्या पायांनी दोई-कोदीत गेले आणि त्याच दिवशी मेले. सरकारनं आत्महत्या म्हटलं, तसा फोटोही दिला. ३१ ऑक्टोबरला कॅथॉलिक, ज्यू आणि प्रॉटेस्टंट धर्मगुरूंनी एकत्र सभा घेतली. पुन्हा हजारो लोक. १९७८ मध्ये न्यायालयानं या मृत्यूची जबाबदारी सरकारवर टाकली. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलून मिळायला मात्र २०१३ साल उजाडलं.

मी ही दोन नावं रॉसींच्या शेजारी मुद्दाम ठेवतो आहे. बाहेरचे पत्रलेखक सुरक्षित होते. त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे टपालखर्च. कॅथेड्रलमध्ये बसलेल्या प्रत्येकाचा फोटो पोलिसांकडे जात असणार. दोन्ही प्रकारचे लोक 'स्वयंसेवक' या एकाच शब्दात बसवले जातात, पण जोखीम सारखी नव्हती. पुढे १९७९ पासून आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाद्री जाइमे राइट यांच्या पाठबळावर काही वकिलांनी लष्करी न्यायालयातल्या ७०७ खटल्यांच्या फाइली गुपचूप झेरॉक्स करून बाहेर काढल्या, सुमारे दहा लाख पानं. छळाचे आरोप कैद्यांनी त्याच न्यायालयांत केलेले होते आणि लष्करानंच ते टाइप करून जपून ठेवले होते. २०१४ मध्ये राष्ट्रीय सत्यशोधन आयोगानं त्या राजवटीतल्या मृत आणि बेपत्तांची संख्या ४३४ दिली.

या प्रकरणानं पद्धतीत काय बदललं

रॉसींनंतर अर्जंट अ‍ॅक्शन ही कायमची व्यवस्था झाली. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्करी उठाव झाला, हजारो लोक एकदम पकडले गेले, आणि अशा साधनाची गरज किती आहे हे सांगावं लागलं नाही. दत्तक कैद्यांचे गट चालूच राहिले, पण त्यांच्या शेजारी एक वेगळं जाळं उभं राहिलं: बैठकीची वाट न पाहता, कागद हाती पडला त्या दिवशी लिहायला बसणाऱ्यांचं. एक सभासद पाच जणांना कळवणार, ते पुढे. तार गेली, टेलेक्स आला, फॅक्स आला, मग ईमेल. संयुक्त राष्ट्रांनी छळाविरुद्धचा जाहीरनामा १९७५ मध्ये आणि करार १९८४ मध्ये स्वीकारला, त्यामागेही याच काळातली मोहीम होती.

वेग वाढला तो मात्र साखळीच्या एकाच बाजूला. लंडनहून गटापर्यंत आणि गटाकडून मंत्रालयापर्यंत आता मिनिटं लागतात. दारावर थाप पडल्यापासून पहिली खात्रीची बातमी बाहेर पडेपर्यंत जो वेळ जातो, तो तितका कमी झालेला नाही. फोन जप्त होतात, इंटरनेट बंद होतं, घरच्यांना 'गप्प राहिलात तर लवकर सोडू' असं सांगितलं जातं, आणि घाबरलेली माणसं आठवडाभर खरंच गप्प राहतात. १९७३ चे ३२ दिवस तिथेच गेले होते.

त्यामुळे एखाद्या नव्या गटानं मला विचारलं की सुरुवात कशानं करू, तर मी पत्राचा नमुना देणार नाही. तो कुठेही मिळतो. ज्यांना अटकेची शक्यता वाटते अशा लोकांच्या घरच्यांशी आधीच बोलून ठेवा, असं सांगेन. रात्री कुणी आलं तर काय टिपायचं: वेळ, माणसं किती, गणवेश होता की साधे कपडे, गाडीचा नंबर, वॉरंट दाखवलं का, कुठे नेतो म्हणाले. नेलेल्या माणसाला कुठली औषधं लागतात. पहिला फोन कुणाला, तो लागला नाही तर दुसरा कुणाला. नाव जाहीर करायला घरच्यांची हरकत नाही ना, हे त्या रात्री विचारायचं नाही, आधीच विचारून लिहून ठेवायचं. आणि हा कागद त्या घरात ठेवायचा नाही, कारण झडती तिथेच होणार असते.